जन्माने नागरिकत्व: अमेरिकेत एवढा घटनेचा वाद, मग आपल्याकडे तो नियम गुपचूप कसा बदलला?

तापीकाठ, रावेर (४ जानेवारी २०२६)

जळगाव-धुळ्याकडची पुष्कळ मुलं एच-१बीवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) अमेरिकेत आहेत, त्यामुळे तिथे जन्मलेल्या बाळाला नागरिकत्व मिळणार की नाही हा विषय आता पारावरही निघतो. एक म्हणतो, राष्ट्राध्यक्षांनी ते थांबवणाऱ्या आदेशावर सही केली, विषय संपला. दुसरा म्हणतो, घटना बदलल्याशिवाय शक्यच नाही. मग तिसरा विचारतो, ‘इथे जन्मला तो इथला’ हा नियम भारतातूनही गेला ना, तेव्हा कुठे घटनादुरुस्ती झाली होती? त्याला कुणी उत्तर देत नाही. जाणकारांनी सांगावं. शिवाय तिकडे जन्मलेल्या बाळाचे कागद आपल्या बाजूने कसे करायचे, आणि गावाकडची शेती पुढे त्याच्या नावावर चढते का, तेही सांगा.

घटनेचं पान, अमळनेर

तिसऱ्याचा प्रश्न सगळ्यात नेमका आहे, तिथूनच सुरू करतो.

आपल्या घटनेत नागरिकत्वाचे अनुच्छेद ५ ते ११. पण घटना लागू होताना कोण नागरिक, एवढंच ते सांगतात. पुढे जन्मणाऱ्यांचं काय, हे घटनेने लिहिलंच नाही. अनुच्छेद ११ ने ते संसदेच्या हाती दिलं. संसदेने १९५५ चा नागरिकत्व कायदा केला आणि जन्माचा नियम त्याच्या कलम ३ मध्ये ठेवला. जो नियम घटनेत नव्हताच, तो बदलायला घटनादुरुस्ती कशाला लागेल? साध्या बहुमतात काम झालं, तेही दोनदा.

तारखा मात्र पक्क्या लक्षात ठेवा. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्म झाला असेल तर तेवढं पुरे, आईबाप कुठलेही असोत (परदेशी राजदूतांची मुलं वगैरे अपवाद सोडून). १ जुलै १९८७ ते २ डिसेंबर २००४ मधला जन्म असेल तर जन्मावेळी आई किंवा वडील, एक तरी भारतीय हवा. आणि ३ डिसेंबर २००४ पासून पुढे दोघंही भारतीय, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. व्हिसाची मुदत संपूनही राहिलेला माणूससुद्धा या कायद्यात बेकायदा स्थलांतरितच धरला जातो.

लोक म्हणतात नियम कडक झाला. माझ्या मते खरा बदल कडकपणात नाही, पुराव्यात आहे. जन्माच्या जागेवर नागरिकत्व असेल तर एक जन्मदाखला पुरतो. ते आईबापांवर गेलं की पुरावा एक पिढी मागे सरकतो. २००६ साली जन्मलेली मुलगी घ्या. वडील १९८० चे, त्यांचा स्वतःचा जन्मदाखला पुरे. आई १९८८ ची असेल तर तिच्यासाठी आजी-आजोबांपैकी एकाचं नागरिकत्व दाखवावं लागतं. म्हणजे नातीच्या कागदासाठी आजोळचा कागद. जिथे १९६०-७० च्या घरच्या बाळंतपणाची नोंदच झाली नाही, तिथे ही साखळी तुटते, आणि माणूस अस्सल इथला असूनही अडकतो.

हा वादही नवा नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत या अनुच्छेदांवर चर्चा झाली तेव्हा आपल्या शेजारच्या वऱ्हाडातले पंजाबराव देशमुख यांनीच तक्रार केली होती की अशाने भारताचं नागरिकत्व जगात सगळ्यात स्वस्त होईल. तेव्हा त्यांचं ऐकलं गेलं नाही. १९८७ नंतर कायदा त्यांच्याच दिशेने सरकला.

सोनगीरचा भो

मग आता उद्या कुणी हे घटनेत पक्कं करायचं म्हटलं तर? घटनादुरुस्ती म्हणजे निम्म्या राज्यांची मंजुरी लागणारच ना भो?

घटनेचं पान, अमळनेर

नाही भाऊ, हा गैरसमज शिकलेल्यांतही आहे. अनुच्छेद ३६८ मध्ये सगळ्या दुरुस्त्यांना विशेष बहुमत लागतं, पण राज्यांची मंजुरी फक्त ठरावीक विषयांना: राष्ट्रपतींची निवडणूक, सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं, केंद्र-राज्य अधिकारांची वाटणी, सातव्या अनुसूचीतल्या याद्या (कुठल्या विषयावर केंद्राने आणि कुठल्यावर राज्याने कायदा करायचा त्याच्या), राज्यांचं संसदेतलं प्रतिनिधित्व आणि खुद्द ३६८. नागरिकत्वाचा भाग त्या यादीत नाही.

विशेष बहुमत म्हणजे एकाच वेळी दोन अटी. एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक, आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश. लोकसभेत ५४३ जागा धरल्या तर पहिली अट २७२ ची. समजा ३९० जणांनीच मतदान केलं, तर दोन तृतीयांश २६० होतात, पण २६० वर विधेयक पडतं, कारण २७२ गाठले नाहीत. उलट ५०० जणांनी मतदान केलं तर २७२ कामाचे नाहीत, ३३४ लागतात. राज्यसभेतही हेच, २४५ जागांत किमान १२३. दोन्ही सभागृहं अडली तर साध्या कायद्यासाठी संयुक्त बैठक बोलावता येते. घटनादुरुस्तीला तीही सोय नाही. राष्ट्रपतींना मात्र ती अडवता येत नाही, २४ व्या दुरुस्तीने १९७१ मध्ये संमती सक्तीची केली.

कुठे चुकतं? आपल्या घरातलंच उदाहरण आहे, सहकाराचं. ९७ व्या दुरुस्तीने घटनेत सहकारी संस्थांचा भाग ९-ख घातला. संचालक किती, मुदत किती, निवडणूक कशी, सगळं त्यात. पण सहकारी संस्था हा राज्य सूचीतला विषय. त्यात हात घालायचा तर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी हवी होती, ती घेतलीच नाही. २० जुलै २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या संस्थांपुरता तो भाग रद्द ठरवला; बहुराज्यीय संस्थांना तेवढा लागू राहिला. मजकुरात नाही, रीतीत चूक.

आणि रीत पाळली तरी केशवानंद भारती खटल्याचा निकाल आहेच. २४ एप्रिल १९७३, तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा: संसद कुठलाही अनुच्छेद बदलू शकते, घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही.

सातपुड्यापलीकडे, शहादा

अमेरिकेचं मी सांगतो. आपल्याकडे जे कायद्याच्या कपाटात आहे ते त्यांच्याकडे घटनेच्या तिजोरीत आहे, सगळा फरक तिथे.

१८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काळे लोक नागरिक होऊच शकत नाहीत असं ठरवलं. यादवी युद्धानंतर १८६६ मध्ये काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) साधा कायदा करून तो निकाल फिरवला. पण पुढची काँग्रेस तो कायदा रद्द करू शकली असती, म्हणून तीच गोष्ट चौदाव्या दुरुस्तीत घालून ९ जुलै १८६८ ला पक्की केली: अमेरिकेत जन्मलेली आणि ‘तिच्या अधिकारक्षेत्राला अधीन’ असलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक. आजचं सगळं भांडण ‘अधीन’ या एका शब्दावर आहे.

त्या शब्दावर दोन जुने निकाल महत्त्वाचे. जॉन एल्क या आदिवासी माणसाला १८८० मध्ये नेब्रास्कात मतदार नोंदणी नाकारली. १८८४ मध्ये न्यायालय म्हणालं, तो टोळीच्या सत्तेखाली जन्मला, म्हणून पूर्णपणे ‘अधीन’ नाही. म्हणजे त्या मातीत सगळ्यात जुना असलेला माणूसच बाहेर! सर्व आदिवासींना नागरिकत्व मिळालं ते १९२४ मध्ये, साध्या कायद्याने. तिथली संसद घटनेपेक्षा जास्त देऊ शकते, कमी नाही. दुसरा निकाल १८९८ चा. वाँग किम आर्क १८७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मला, १८९५ मध्ये चीनहून परतताना बंदरावर अडवला गेला. सहा विरुद्ध दोन मतांनी तो नागरिक ठरला. तेव्हापासून राजदूतांची मुलं आणि चालून आलेल्या शत्रुसैन्याची मुलं असे मोजके अपवाद सोडून जन्म म्हणजे नागरिकत्व, असंच चालत आलं.

आता ट्रम्प यांचा २० जानेवारी २०२५ चा आदेश. तो घटना बदलत नाही, ‘अधीन’ चा नवा अर्थ लावतो. आई बेकायदा राहत असेल, किंवा कायदेशीर पण तात्पुरत्या व्हिसावर असेल, आणि वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक (कायम राहायची परवानगी असलेले) नसतील, तर बाळाला नागरिक मानणारी केंद्राची कागदपत्रं द्यायची नाहीत. आदेशानंतर ३० दिवस उलटल्यावर होणाऱ्या जन्मांना लागू. आधीच्यांना हात लावलेला नाही. म्हणजे नवराबायको दोघं एच-१बी आणि एच-४ (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वर असतील तर कात्रीत. दोघांपैकी एकाचं ग्रीनकार्ड असेल तर प्रश्नच नाही. सरकारी बाजूचा मुद्दा असा की वाँगचे आईबाप तिथे कायमचे राहत होते, तात्पुरते नव्हते.

सिएटलच्या न्यायाधीशांनी तिसऱ्याच दिवशी, २३ जानेवारीला, आदेश रोखला. २७ जून २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीनने सांगितलं की एका जिल्हा न्यायाधीशाने देशभर मनाई देऊ नये. इकडच्या वाहिन्यांनी ‘ट्रम्प जिंकले’ म्हणून पट्ट्या फिरवल्या, पण त्या निकालात नागरिकत्वाचा मूळ मुद्दा तपासलेलाच नव्हता. १० जुलैला न्यू हॅम्पशायरमध्ये अशा सर्व बाळांचा एक वर्ग धरून सामूहिक दाव्यात पुन्हा मनाई मिळाली. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ मुद्दा सुनावणीला घेतला.

न्यायालयात हरले तर मग खरीखुरी घटनादुरुस्ती. सगळे हजर धरले तर प्रतिनिधीगृहात ४३५ पैकी २९०, सिनेटमध्ये १०० पैकी ६७, आणि नंतर ५० पैकी ३८ राज्यं. राष्ट्राध्यक्षांची सही लागतच नाही. तेरा राज्यांनी नाही म्हटलं की संपलं. आजवर एकूण २७ दुरुस्त्या. सत्ताविसावी १७८९ मध्ये मांडली आणि १९९२ मध्ये मंजूर झाली! आपल्याकडे १९५० पासून १०६ झाल्या.

आयर्लंडने मात्र सरळ रस्ता धरला. त्यांच्याही घटनेत हा हक्क होता. जून २००४ मध्ये सार्वमत घेतलं, सुमारे ७९ टक्के लोक बदलाच्या बाजूने गेले, आणि १ जानेवारी २००५ पासून आईबापांचं वास्तव्य बघायला लागले.

एक टोचणारी गोष्ट. ट्रम्पच्या आदेशावर आपल्याकडे जे तावातावाने बोलतात, त्यांनी कलम ३ शेजारी ठेवून वाचावं. आदेशात एका पालकाचं ग्रीनकार्डही चालतं. आपल्या कायद्यात दोन परदेशी माणसं वीस वर्षं व्हिसावर पुण्यात राहिली तरी त्यांचं इथे जन्मलेलं मूल भारतीय नाही. मुद्दा कडक-सैलचा नाहीच. आपण संसदेतून बदललं, ते सहीने बदलू पाहताहेत.

कागदवाली, भुसावळ

तापीकाठ दादा, कागदांचं मी सांगते.

अमेरिकेतला जन्मदाखला तिथलं राज्य देतं आणि त्यावर आईबापांचा व्हिसा लिहिलेला नसतो. आदेशाचा फटका पासपोर्ट आणि सोशल सिक्युरिटी या केंद्राच्या कागदांना. म्हणून दाखला हातात आला म्हणजे सगळं झालं असं समजू नका.

बाळ भारतीय ठेवायचं असेल तर आपल्या नागरिकत्व कायद्याचं कलम ४. जन्मापासून एका वर्षात भारतीय वकिलातीत जन्मनोंदणी करायची, आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांनी लेखी द्यायचं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते, आणि ते काम रेंगाळतं. बहुतेकांची गाडी इथेच चुकते: आधी अमेरिकन पासपोर्ट काढतात, मग वकिलातीत जातात, मग ते लेखी देता येत नाही. अशी नोंद झालेल्या मुलाकडे जन्मामुळे दुसरं नागरिकत्वही असेल, तर अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत ते सोडावं लागतं. नाही सोडलं तर भारतीय नागरिकत्व आपोआप जातं.

ज्यांना तिथलं नागरिकत्व मिळतं ते बहुतेक अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते कार्ड) असाच रस्ता धरतात, कारण अमेरिकन नागरिकाला त्या देशात ये-जा अमेरिकन पासपोर्टवरच करावी लागते. ओसीआयचे अर्ज अडकतात ते नावांमुळे. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी पहिल्या रकान्यात मिसळलेलं, कधी गायब. आईचं तर विचारूच नका. अमेरिकन दाखल्यावर तिचं माहेरचं नाव मागतात, पासपोर्टवर सासरचं असतं. विवाह नोंदणी दाखल्यावर दोन्ही नावं जुळतात का, ते बाळंतपणाआधीच बघा.

शेतीचं: ओसीआयधारकाला भारतात शेतजमीन, फार्महाउस, मळा विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानेही मिळत नाही. वारसाहक्काने मिळते. म्हणजे आजोबांनी हयातीत केळीचा मळा नातवाला बक्षीस दिला तर तो व्यवहार टिकत नाही. मृत्यूनंतर वारस म्हणून सातबाऱ्यावर नाव लागू शकतं. नंतर विकायची झाली तर भारतात राहणाऱ्यालाच विकता येते. वारस म्हणून अमेरिकन दाखला इकडे दाखवायचा तर तो ज्या राज्यातला आहे तिथून अपोस्टिल (दाखला परदेशात चालावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणन) करून आणा.

पावरा पाडा, धडगाव

अमेरिकेचं ठीक. इकडून ऊसतोडीला गुजरातमध्ये जाणाऱ्यांची मुलं तिकडेच फडावर जन्मतात. परत आल्यावर ग्रामपंचायत नोंद घेत नाही. काय करायचं?

कागदवाली, भुसावळ

ग्रामपंचायत बरोबर सांगते. जन्म जिथे झाला तिथेच नोंदवायचा असतो, मूळ गावी नाही. २१ दिवसांत फुकट, ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी, वर्षानंतर जिल्हाधिकारी, प्रांत किंवा नेमून दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश, आणि तोही जन्म झाला त्या तालुक्यातला. म्हणून फड उठायच्या आत नोंद करून घ्या. मुलाचं नाव ठरलं नसलं तरी अडत नाही. नोंद नावाशिवाय होते, नाव एक वर्षात विनाशुल्क घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, शाळेचा दाखला चालत नाही. मुकादमाकडून गावाचं, तालुक्याचं नाव आणि दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिथली चिठ्ठी जपून ठेवायला सांगा. पाच वर्षांनी तो फड कुठल्या गावच्या हद्दीत होता हेच कुणाला आठवत नाही.