काळ्या मातीवर १० बाय १५ फुटांची कार्यशाळा: पाया आणि जमीन कशी घ्यावी?

रविवारचा सुतार (औसा, जि. लातूर)

नमस्कार मंडळी. मी शिक्षक आहे आणि शनिवार-रविवारी घरच्या अंगणात सुतारकाम करतो. सहा वर्षांपूर्वी लोखंडी अँगल आणि पत्रे यांची एक शेड उभी केली. खाली दोन फूट खणून दगडगोटे आणि वाळू यांचा भराव घातला व त्यावर ४ इंचांचा कोबा केला. पहिल्याच पावसाळ्यात तो मधोमध फुगला आणि उन्हाळ्यात कडेने खचला. भेगा दोनदा सिमेंटने बुजवल्या, दोन्ही वेळा त्या पुन्हा उघडल्या. दरवाजा जुलैपासून दिवाळीपर्यंत चौकटीला घासतो आणि होळीनंतर सैल होतो. यंदा मे महिन्यात शेडलगतच्या भेगेत मी १२ इंची पोलादी पट्टी उभी सोडून पाहिली, तर ती टोकासकट आत गेली. सर्वांत अधिक त्रास कामाच्या टेबलाचा आहे. त्याचा एक पाय सतत अधांतरी राहतो, त्यामुळे रंधा मारताना टेबल डुलते आणि फळीवर लाटा उमटतात.

आता १० बाय १५ फुटांची पक्की कार्यशाळा बांधायची आहे. बोअर घेताना मुरूम साडेपाच फुटांवर लागला होता. पाया किती खोल न्यावा, आतली जमीन कशी करावी, आणि आजोबांच्या पडक्या घराचा दगड भिंतींना वापरता येईल का, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

मुरूम आणि ओळंबा (नांदेड)

सर, आपल्या कोब्याचा दोष सिमेंटमध्ये नाही, भरावात आहे. काळ्या मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि वाळले की आकसतात. अशा मातीत खड्डा घेऊन त्यात गोटे आणि वाळू भरली, की तो खड्डा पावसाचे पाणी साठवणारी परात होतो आणि खालची माती इतरत्रपेक्षा अधिक काळ ओली राहते. म्हणून मधला भाग फुगला आणि उघड्या कडा उन्हाने खचल्या.

मुरूम साडेपाच फुटांवर असेल तर प्रश्न बराच सोपा आहे. चार कोपऱ्यांवर आणि लांब बाजूंच्या मध्यावर असे सहा खड्डे मुरमापर्यंत न्यावेत, मुरमात अर्धा-पाऊण फूट शिरून फुटिंग (काँक्रीटचा रुंद तळ) बसवावे आणि वर कॉलम (खांब) घेऊन सर्वांना प्लिंथ बीमने, म्हणजे जोत्याच्या पातळीवरील काँक्रीटच्या आडव्या तुळईने, बांधून टाकावे. सळईचे माप मात्र एखाद्या अभियंत्याकडून ठरवून घ्यावे. या बीमखाली साधारण ८० मिलिमीटर पोकळी ठेवावी, म्हणजे माती फुगली तरी बीम वर उचलला जाणार नाही. गवंडी ही पोकळी हमखास बुजवतो, त्यामुळे त्या दिवशी आपण स्वतः जागेवर उभे राहावे. ज्यांच्याकडे मुरूम फार खोल आहे, त्यांच्यासाठी तळाशी फुगीर कंद असलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, असतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ती पद्धत अशाच मातीसाठी विकसित केली आणि त्यांची लांबी किमान साडेतीन मीटर ठेवतात.

आतील जमीन बीमला न जोडता स्वतंत्र ठेवावी. काळी माती दोन-तीन फूट काढून टाकावी आणि चांगला मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून, धुमसाने चोपत भरावा. बाहेरून चारही बाजूंना किमान तीन फुटांची उताराची फरसबंदी करावी आणि पत्र्यांचे पाणी पन्हाळीने दूर सोडावे.

खणण्यापूर्वी एक चाचणी घरीच करता येईल. वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली माती १०-१० ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत टाकावी, एकात ऊर्ध्वपातित पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल भरावे, आणि २४ तासांनी मातीची पातळी वाचावी. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून दोहोंतील फरकाला रॉकेलच्या आकड्याने भागले की फुगण्याचे प्रमाण मिळते.

वाड्याचे लाकूड (उमरगा, जि. धाराशिव)

दगडाच्या प्रश्नावर मला कळकळीने सांगायचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आमच्या भागातील घरांच्या भिंती दोन-अडीच फूट जाड होत्या, परंतु आतला आणि बाहेरचा थर यांना सांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते. मध्ये माती आणि खडे, आणि डोक्यावर माळवदाची मणावारी माती. हादरा बसताच दोन्ही थर विलग झाले आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आले. म्हणून तो दगड फरसबंदीसाठी वापरा, भिंतीला नको. भिंत विटांची, सिमेंटच्या मसाल्यात घ्या आणि दारा-खिडक्यांच्या वर चारही भिंतींवरून अखंड फिरणारा लिंटेल बँड (काँक्रीटचा पट्टा) टाका.

आजोबांच्या घराच्या तुळया सागवानी असतील तर टेबलासाठी त्यांच्यासारखे लाकूड शोधूनही मिळणार नाही. फक्त रंध्याखाली घेण्यापूर्वी प्रत्येक तुळईवरून सावकाश लोहचुंबक फिरवा. मी एकदा कंटाळा केला, तेव्हा आत मोडलेल्या हातघडणीच्या खिळ्याने माझ्या रंध्याच्या पात्याला गव्हाएवढा खवला पडला आणि ते घासण्यात अख्खा रविवार गेला.

मुरूम आणि ओळंबा (नांदेड)

छताविषयी एक गोष्ट राहिली. पत्र्यांचे जे-बोल्ट (J अक्षरासारखे वाकवलेले बोल्ट) नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावर मारावेत. खोलगट भागात मारले की वॉशर झिजताच पाणी ठिबकते. वळवाच्या वाऱ्यात कडेचा पत्रा आधी उचलला जातो, त्यामुळे कडेला बोल्ट जवळजवळ असावेत.

रविवारचा सुतार (औसा, जि. लातूर)

आपणा दोघांचेही मनापासून आभार. शाळेच्या प्रयोगशाळेतून मोजपात्रे आणली आणि चाचणी केली. रॉकेलमधील माती १० मिलिलिटरवर थांबली, पाण्यातील २१ वर गेली, म्हणजे फुगण्याचे प्रमाण ११० टक्के आले. नववीच्या मुलांनी ती पातळी चढताना दिवसभर येऊन-जाऊन पाहिली. बीमखालची पोकळी आखणीच्या कागदावर लाल शाईने लिहून ठेवली आहे आणि दगड कुंपणाकडेला रचून टाकला आहे. पहिला खड्डा येत्या रविवारी घेतो. मुरूम नेमका किती फुटांवर लागतो ते इथेच कळवीन.