‘चिरडीस आणू नका’ म्हणजे नेमकं काय करू नका?

प्रश्नकर्ता (सदर, नागपूर):
रविवारी संध्याकाळी आमच्याकडे कुटुंबप्रार्थना होती. कूलरच्या घरघरीत आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचं ऐकू येत नाही म्हणून तो बंद, आणि सगळे घामाघूम. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय सुरू होता. चौथ्या वचनात ‘बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका’ असं आलं आणि माझ्या भाच्याने मध्येच विचारलं, ‘मामा, चिरडीस म्हणजे काय? गाडीखाली चिरडतात ते?’ सगळे हसले. त्याचे वडील, म्हणजे आमचे भाऊजी, तेवढे हसले नाहीत. पोरगा डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा दुसरा प्रयत्न करतोय, आणि घरात सहा महिन्यांपासून काय चाललंय ते सगळ्यांना माहीत आहे.

पाळकसाहेबांनी ‘म्हणजे राग आणू नका’ असं सांगून पुढचं वाचलं. माझं काही समाधान झालं नाही. हा शब्द लहानपणापासून कानावर आहे, पण पवित्र शास्त्राबाहेर कधी कुणाच्या तोंडून ऐकल्याचं आठवत नाही. अजून कुणी वापरतं का? आणि सरळ ‘चिडवू नका’ म्हटलं तर काय बिघडतं?

मराठीच्या एक शिक्षिका:
चिरडण्याशी याचा संबंध नाही, कानाला तसं वाटतं इतकंच. चिरड किंवा चिरडी म्हणजे संताप, चडफड. हा शब्द चिडण्याच्या घरचा. जुन्या लिखाणात ‘चिरडीस येणे’, ‘चिरडीस पेटणे’ सर्रास सापडतं. पत्त्यांत हरत चाललेला माणूस चिरडीस येऊन आणखी पैसे लावतो, तसं.

‘चिडवू नका’ चालणार नाही. चिडवण्यात गंमत असते. दादा बहिणीला चिडवतो, ती उशी फेकून मारते, संपलं. चिरड साचलेली असते. आणि ‘चिरडीस’ मधल्या त्या ‘स’कडे बघा. कुणीतरी रोज थोडं थोडं ढकलत माणसाला तिथपर्यंत नेतं.

वर्ध्याकडचे एक जण:
आमच्याकडे याला ‘कावणे’ म्हणतात की. ‘काव आणला बाप्पा या पोट्ट्यानं’, ‘मी कावून गेलो’. माझी आजी माझ्या बापाला म्हणायची, ‘काहून एवढं बोलून राहिला त्याले? लेकरू कावून जाईल.’ आजीला वाचता येत नव्हतं, शास्त्र तर दूरच. पण वचन तेच झालं ना?

ग्रीक शिकलेले एक जण:
सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, दोन वर्षं ग्रीक घोकलंय, त्याचा आज कुठे तरी उपयोग. हीच सूचना कलस्सैकरांस पत्रातही आहे, तिसऱ्या अध्यायाच्या एकविसाव्या वचनात. पण मूळ ग्रीक पत्रांत क्रियापदं दोन वेगळी आहेत. इफिसकरांत ‘पारोर्गिझो’ आहे, त्यात ‘ऑर्गे’ म्हणजे क्रोध. पाळकसाहेबांचं ‘राग आणू नका’ तिथे बरोबरच आहे. कलस्सैकरांत ‘एरेथिझो’ आहे. ते मला जास्त बोचतं, कारण त्याचा अर्थ डिवचणे. गंमत म्हणजे हेच क्रियापद करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, नवव्या अध्यायात, चांगल्या अर्थाने येतं: तुमचा उत्साह पाहून इतरांनाही दानाचा हुरूप आला, अशा बोलण्यात. म्हणजे डिवचण्याने माणूस पुढेही जातो आणि मिटूनही जातो. कुठल्याही बापाला विचारा, तो म्हणेल मी पहिलंच करतोय.

कलस्सैकरांत पुढे कारणही दिलंय: नाही तर मुलं ‘खिन्न’ होतील. मूळ शब्द ‘अथुमेओ’. ‘थुमोस’ म्हणजे आतली धग, उमेद, ती जाणं. ‘खिन्न’ मला फार सभ्य वाटतो. खिन्न माणूस खिडकीशी बसून पावसाकडे बघतो. इथलं पोरगं पुस्तक उघडून बसलेलं असतं आणि तासाभराने पान तेच असतं.

एक आजोबा:
‘मंडळी’ या शब्दाचीही चर्चा करा कधीतरी. आमच्या पिढीत बायकोला ‘मंडळी’ म्हणत. आणि इफिसकरांच्याच पाचव्या अध्यायात, जशी ख्रिस्ताने मंडळीवर (म्हणजे चर्चवर) प्रीती केली तशी आपापल्या पत्नीवर करा, असं आहे. माझ्या लग्नात हे वचन वाचलं तेव्हा मागच्या बाकावरचे मित्र खोकले होते. आणि रागावर सूर्य मावळू देऊ नका हेही तिथलंच, चौथ्या अध्यायातलं. मेमध्ये नागपुरात सूर्य मावळायला पावणेसात वाजतात, म्हणजे उन्हाळ्यात भांडायला वेळ जास्त.

मराठीच्या त्याच शिक्षिका:
एक बोलू का, थोडं शब्दाबाहेरचं. ‘मुलांनो, आईबापांच्या आज्ञेत राहा’ हे इफिसकरांच्या त्याच सहाव्या अध्यायाचं पहिलं वचन. ते प्रत्येक मुलाला पाठ असतं, कारण त्यातला एकही शब्द अडत नाही. बापांचं वचन तीन ओळी खाली, आणि नेमका तिथेच असा शब्द की घरात कुणाला अर्थ सांगता येत नाही. पत्र लिहिलं गेलं त्या रोमी काळात बापाचा मुलांवरचा अधिकार कायद्याने जवळजवळ अमर्याद होता. अशा बापांना उद्देशून हे वाक्य लिहिणं लहान गोष्ट नव्हती. आपण ते अवघड मराठीत गुंडाळून ठेवलं. मी असते तर ‘डिवचून डिवचून वैतागवू नका’ लिहिलं असतं. भारदस्त नाही, पण बापाला कळलं असतं.

ग्रीक शिकलेले:
ताई, मान्य. मात्र ‘चिरड’ काढू नये असं मला वाटतं. भाच्याने विचारलं म्हणून तर हे सगळं निघालं. सोपा शब्द असता तर कूलर लावून सगळे घरी गेले असते.

आणि दादा, भाच्याचं जेवणखाण, झोप नीट आहे ना? विचारतोय कारण ‘विश्वास कमी पडतोय, प्रार्थना वाढव’ असं अशा मुलांना लगेच सांगितलं जातं. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता (राजे पहिलं पुस्तक, एकोणिसावा अध्याय), तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून पुन्हा खायला दिलं. बोलणं त्यानंतर. गरज वाटली तर मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलिमानसची 14416 ही लाइन आहे, तिथे मराठीत बोलता येतं. पाळकसाहेबांशीही बोला, दोन्ही करा.

प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे आभार. भाचा जेवतोय, झोपतोय. नंबर मी त्याच्या आईला दिला आहे. वर्ध्याच्या आजींचं वाक्य भाऊजींना वाचून दाखवलं. ते ‘हूं’ म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. काल जेवताना टेस्टचे मार्क निघाले, तर पोरगा शांतपणे म्हणाला, ‘पप्पा, चिरडीस.’ भाऊजींनी अर्धं वाक्य गिळून भाजी मागितली.

यावरून आठवलं म्हणून आईचं जुनं पवित्र शास्त्र काढलं. पाठ सुटलेली, तिनेच कधीतरी दोऱ्याने शिवलेली. इफिसकरांत त्या वचनाखाली पेन्सिलीची रेघ आहे आणि समासात बारीक अक्षरात ‘बाबांना दाखवणे’. आता तुम्हीच सांगा, हे ‘बाबा’ कोण असतील? आई तिच्या वडिलांना बाबा म्हणायची. आम्ही मुलंही आमच्या वडिलांना बाबाच म्हणायचो, आणि आमच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलताना तीही. रेघ लग्नाआधीची की नंतरची, ते पेन्सिलीवरून काही कळत नाही.