तुमच्या गावात पैसा आता कोणाच्या हातात असते? अनुभव सांगा

(दारव्हा तालुका, हा धागा सुरू करणारा)
मागच्या बुधवारी आठवडी बाजार करून घरी आलो. वांगे, सांबार (कोथिंबीर), अदरक, पोरीच्या चपला सगळं घेतलं, वर पानठेल्यावर उभं राहून एक खर्रा घोटून घेतला, आन् घरी आल्यावर बायको म्हणते तुमचं पाकीट तर खुंटीवरच्या पँटीत आहे. मले पत्ताच नाही! दोन तास फिरलो, एकदाही मागच्या खिशाकडे हात गेला नाही. नोटबंदीच्या वक्ती, 2016 च्या नोव्हेंबरात, हाच मी 4,000 रुपयायच्या जुन्या नोटा बदलायले सकाळी 6 पासून लायनीत बसलो होतो, जागा धराले चप्पल ठेवून. यूपीआय त्याच वर्षी निघालं होतं म्हणतात, पण आमच्या गावात तवा कोणाले मालूम.
तर राजेहो, तुमच्याकडे काय चालू आहे ते लिहा. पेपरातलं नको, व्हॉट्सॲपवर आलेलं तर मुळीच नको, स्वतःच्या खिशाचं सांगा. डोकं दुखलं असन तर तेही.

(आर्वीकडचा किराणावाला)
लोकायले वाटते फोनपे आलं आन् उधारी संपली. अजिबात नाही बावा. पहिले गिऱ्हाईक म्हणे सुट्टे नाही, उद्या देतो. आता म्हणते सर्वर डाऊन आहे, संध्याकाळी मारतो. वही तीच आहे, लाल कापडाची, वडिलांच्या काळापासून त्याच दुकानातून आणतो.
दुसरं ते बोलणारं डब्बं. दहा रुपयाचा बिस्किटपुडा घेतला तरी भर दुकानात ओरडते, दस रुपये प्राप्त हुए. एक जण माझे 3,400 देणं लागते, तो आला, पुडा घेतला, डब्बं ओरडलं आन् दुकानातल्या चार माणसायनं मान वळवून पाह्यलं त्याच्याकडे. त्यायले सगळ्यायले मालूम ना. त्या दिवसापासून तो पुड्यासाठी दुसऱ्या दुकानात जाते, म्हणजे उधारीही गेली आन् गिऱ्हाईकही. मंग मीच डब्ब्याचा आवाज कमी केला. आता पैसे आले का नाही ते कान लावून ऐका लागते, तर डब्बं ठेवलं कायले, हे बायको विचारते, उत्तर नाही माह्याजवळ.
फोनपेवर चार्ज लागत नाही म्हणून ते ठेवतो, खरं ते. 2020 पासून बँक खात्यातून आलेल्या यूपीआयवर दुकानदाराकडून काही कापत नाहीत. कार्डाची मशीन देणारा आला होता, त्यात दर व्यवहारामागं कटोती, त्याले दारातूनच नाही म्हटलं.
पण मागच्या वर्षी खातं गोठलं. पूर्ण 19 दिवस. कोण्या गिऱ्हाईकानं 350 रुपये टाकले होते, ते म्हणे कुठल्यातरी फसवणुकीच्या केसमधले पैसे फिरत फिरत आलेले. बँकेत गेलो तर म्हणतात दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसायले मेल करा. मी तेलाच्या हातानं कुठं मेल करू? 350 च्या पायी 62,000 अडकले. तेवढे दिवस आमच्या ठोक व्यापाऱ्यानं माल दिला, कशावर, तर त्याच्या वहीत लिहून.

(पांढरकवड्याजवळचा कास्तकार)
आमचं कापसाचं. कापसाचा चुकारा म्हणजे वर्षाचा पगार समजा. सीसीआयले, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाले, दिला तर हमीभाव भेटते, पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. खेडा खरेदीवाला दारात काटा लावते, क्विंटलमागं भाव पाडून मागते, पण नोटा तिथल्या तिथं मोजते. शहरातले लोक विचारतात मंग कास्तकार त्याले काहून देते, कमी भावात? येडा आहे म्हणून नाही देत. पीककर्ज थकलं असलं ना, तर खात्यात पैसे पडले की बँकवाले होल्ड लावतात. माह्या चुलतभावाले दोन सीझन लावला. पैसे स्क्रीनवर दिसतात, निघत नाहीत, आन् इकडे वेचणीवाल्या बाया अंगणात बसून. नगदी हातात असली की पहिले मजुरी, मंग कृषी केंद्रवाला, मंग पोराची फी, बँक सगळ्यात शेवटी, हा क्रम मी ठरवतो. खात्यात आली की क्रम बँक ठरवते.
नोटबंदी ऐन वेचणीत आली होती, आठवत असन. व्यापारी म्हणे जुन्या पाचशेच्या घे नाहीतर चेक घे. चेक घेतला. बायायले चेक कसा देऊ?
मजुरीचं मात्र आता सोपं झालं, खोटं कायले बोलू. पहिले शनिवारी पाचशेचे सुट्टे आणायले तालुक्याले एक चक्कर व्हये. आता मुकरदमनी, म्हणजे वेचणीच्या बायायची टोळी आणणारी, तिच्या पोराच्या मोबाईलवर एकदम मारतो, ती वाटते.

(वणीकडची, सध्या नागपुरात नोकरीला)
वरच्या काकांनी लिहिलं ना, मुकरदमनी वाटते, तिथूनच सांगते. माझी आई वेचायला जाते, किलोवर. आधी शनिवारी नोटा मिळायच्या, त्यातली एक पदराच्या गाठीत जाई आणि एक पिठाच्या डब्यात. बाकीच्या बाबांच्या हातात. माझ्या बारावीच्या फॉर्मचे पैसे त्याच पिठाच्या डब्यातून निघाले, नोटेला पीठ लागलेलं होतं, कॉलेजचे क्लर्क झटकून घेत होते.
मग मुकरदमनीचा पोरगा घरोघरच्या मोबाईलवर पैसे टाकायला लागला. आमच्या घरचा मोबाईल म्हणजे बाबांचा. किती किलो वेचलं ते आईला माहीत, किती आले ते बाबांना. दोन सीझन असंच गेलं आणि आई काही बोलली नाही, मला तर दिवाळीत घरी गेल्यावर समजलं. (बाबा वाईट नाहीत हो. पण संध्याकाळी मोबाईल घेऊन चौकात जातात, परत येतात तेव्हा पैसे कमी झालेले असतात.)
लाडकी बहीणचे 1,500 सुरू झाले 2024 च्या जुलैपासून, त्यासाठी आईचं खातं निघालं होतं. ते काढायला बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रावर अंगठा लावते, केंद्रवाला 20 रुपये ठेवून घेतो, पावती मागितली तर मशीनचा रोल संपलेला असतो, नेहमीच. मी तिला बटनाचा मोबाईल आणि तिच्या नावाचं सिम घेऊन दिलं, बँकेत दोन चकरा मारून नंबर जोडला आणि *99# डायल करून पैसे पाठवायचं शिकवलं. नेट लागत नाही त्याला, एका वेळी 5,000 पर्यंत जातात. आईला अक्षर ओळखता येत नाही पण आकडे येतात, 3 दाबून पिन टाकला की शिल्लक दिसते एवढं तिनं पाठ केलं, दिवसातून चार वेळा दाबून पाहते. पिन तिनं स्वतः ठेवला, मलाही सांगितला नाही. मजुरी आता तिच्या खात्यात येते.
बाबा अजून मधूनमधून पिठाचा डबा चाळून पाहतात.

(रोज एसटीनं अपडाऊन, कारंजा)
ताई, डब्याचं वाचून हसू आलं अन् नाही पण आलं.
माझं छोटंसं आहे. पहिले कंडक्टर तिकिटाच्या मागं 3 रुपये, 5 रुपये लिहून देये आन् उतरताना तो विसरे नाहीतर आपण. आता मशीनवर क्यूआर येते. पण गाडी जरा आडरानात गेली की ते गोल गोल फिरत राहते आन् मागं पूर्ण गाडी आपल्याकडे पाहते. परवा बाजूच्या आजीनं कनवटीतून 20 काढून माह्यं तिकीट काढलं. मी म्हटलं आजी तुमचा नंबर सांगा, घरी जाऊन टाकतो. ती म्हणे, माह्या घरचा नंबर 14 आहे.

(धारणीकडे शिक्षक)
इकडे हरिसाल डिजिटल गाव म्हणून 2016 ला खूप नाव झालं, मोठमोठे लोक येऊन गेले. आमच्या पाड्यावरून तिथं जायला टेकडी उतरावी लागते आणि आमच्या पाड्यावर रेंज एका सागाच्या झाडाखाली येते, तीही सकाळी. बाजारात क्यूआर सगळ्यांकडे टांगलेला आहे. कोरकू म्हातारे मोहफूल विकायला येतात, ते नोट घेतात, तीही फाटकी नको. पोरं मात्र झाडाखाली उभी राहून रिचार्ज मारतात. एकाच घरात दोन्ही.

(मेहकर)
मी फसलो ते लिहितो, हसू नका. जुनी ट्रॉली विकायची होती, मोबाईलवर जाहिरात टाकली. एकाचा फोन आला, हिंदीत, फौजेत आहे म्हणे, पाहायचीही नाही, पैसे आत्ताच टाकतो, तुम्ही हा क्यूआर स्कॅन करा आन् पिन टाका म्हणजे तुमच्याकडे जमा होतीन. टाकला पिन. 9,000 गेले. तो म्हणे चूक झाली, परत टाका, दोन्ही वापस येतीन. परत टाकला! 18,000. पैसे घ्यायले पिन लागतच नाही हे मले सातवीतल्या पुतण्यानं सांगितलं, पैसे गेल्यावर. 1930 ले, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरले, फोन त्यानंच लावून दिला. लवकर लावा लागते म्हणतात, मी लाजेपायी दुसऱ्या दिवशी लावला. ट्रॉली अजून दारातच आहे, कोणाले पाहिजे असन तर नगदीत देतो.

(दारव्हा, धागावाला)
दादा, हसलो नाही. ट्रॉलीचा फोटो पाठवा.
आता माह्या घरचंच सांगतो. तान्ह्या पोळ्याले आमच्या गल्लीतले पोट्टे लाकडी बैल घेऊन बोजारा (सणाची बक्षिसी) मागायले निघतात. पण चिल्लर कोणाच्याच घरात नाही. मागच्या साली दोन-चार दारातून रिकाम्या हातानं आले होते, तर औंदा माह्या पोरानं काय करावं, बैलाच्या गळ्यात झुलीखाली माह्याच फोनपेचा क्यूआर बांधला दोऱ्यानं. लोक हसले, फोटो काढले, आन् टाकलेही. कोणी 5, कोणी 11, सरपंचानं 51. संध्याकाळपर्यंत 246 झाले.
पण सगळे आले माह्या खात्यात. पोरगं रात्री म्हणे बाबा माहे पैसे द्या. पाकीट पाह्यलं, त्यात 500 ची एक नोट. म्हटलं उद्या सुट्टे आणून देतो.
दिले नाही अजून. वर वणीच्या ताईचं वाचत होतो तवा ते मागूनच पाहून रायलं होतं.