‘खुपरी’, ‘पापणी’ आणि ‘अनुशेष’: हे १५ लाख लोक नेमके कोण?

विचारणा

नेत्ररोगांवरील एका लेखाचे मराठी रूपांतर करताना एका वाक्यापाशी अडलो आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ सालच्या आकडेवारीनुसार ट्रॅकोमा या डोळ्यांच्या संसर्गजन्य रोगामुळे ट्रायकियासिसच्या अवस्थेला पोहोचलेले, म्हणजे पापणीचे केस आत वळून बुबुळावर घासत असलेले, सुमारे १५ लाख लोक जगात आहेत. मी ‘जगात पापणी उलटल्याचे १५ लाख रुग्ण आहेत’ असे लिहिले. ट्रॅकोमाला ‘खुपरी’ म्हणावे का, ‘पापणी उलटणे’ चालेल का आणि ‘रुग्ण आहेत’ हे शब्द येथे योग्य आहेत का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

‘खुपरी’ निःशंकपणे वापरावा. ‘खुपणे’ या क्रियापदाशी त्याचे नाते कानाला लगेच जाणवते आणि डोळ्यात सतत काहीतरी खुपत असल्याची रुग्णाची तक्रारही त्यात ऐकू येते. ट्रॅकोमा या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ खरखरीतपणा असा आहे. म्हणजे ग्रीक नाव वैद्याच्या नजरेतून आले आहे आणि मराठी नाव सोसणाऱ्याच्या बाजूने बोलते. मात्र खुपरी हे रोगाचे नाव आहे. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस या जंतूचा संसर्ग लहानपणापासून पुन्हा पुन्हा होत राहिला, की पापणीच्या आतल्या अस्तरावर व्रण साचतात, ते आकसतात आणि केसांना आत ओढतात. आपल्या वाक्यात ही पुढची अवस्था अभिप्रेत असल्याने केवळ ‘खुपरीचे रुग्ण’ असे लिहिणे अपुरे पडेल.

‘पापणी उलटणे’ मात्र काढून टाकावे. डॉक्टर वरची पापणी उलटून पाहतात तेव्हा ती बाहेरच्या बाजूला वळते; येथे नेमके त्याच्या विरुद्ध घडते. शिवाय आपण ‘पापणी’ हा एकच शब्द डोळ्यावरील झाकणासाठीही वापरतो आणि त्याच्या कडेच्या केसांसाठीही. संस्कृतात ही गल्लत नाही. तेथे झाकणाला ‘वर्त्म’ आणि केसांना ‘पक्ष्म’ म्हणतात. सुश्रुतसंहितेत या विकाराला ‘पक्ष्मकोप’ असे नाव असून, केस टोकदार व खरखरीत होऊन डोळ्यावर घासतात, ते उपटले की आराम पडतो आणि रुग्णाला वारा, ऊन व विस्तव सोसत नाही, असे त्याचे वर्णन आहे. आजच्या वाचकाला ‘पक्ष्मकोप’ हा शब्द परका वाटेल, म्हणून ओघात ‘पापणीचे केस आत वळणे’ असेच लिहावे.

केस उपटल्याने पडणारा हा आराम आकड्यांच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. चिमट्याने केस उपटून दिवस ढकलणाऱ्या स्त्रीच्या डोळ्याला तपासणीच्या दिवशी एकही केस टेकलेला नसू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८७ च्या खुपरीच्या वर्गीकरणात म्हणूनच एक जरी केस डोळ्याला टेकत असेल, किंवा आत वळलेले केस नुकतेच उपटल्याची खूण असेल, तरी ती व्यक्ती मोजावी असे ठरले. खुपरीविषयीच्या २०१८ च्या जिनिव्हा येथील बैठकीनंतर या व्याख्येत केवळ वरची पापणी धरण्यात आली. व्याख्येतील एवढ्या बदलानेही मोजणीत कोण येणार आणि कोण नाही, हे बदलते.

आणखी एक प्रतिसाद

पापणीविषयीचे विवेचन पटले. माझी हरकत ‘रुग्ण आहेत’ या शब्दांना आहे, कारण त्यांतून कोणीतरी माणसे एकेक करून मोजली असा समज होतो. प्रत्यक्षात साधारणपणे एक ते अडीच लाख लोकवस्तीचा विभाग घेऊन त्यातील निवडक गावांत घरोघरी तपासणी होते. २०१२ ते २०१६ या काळातील खुपरीच्या जागतिक नकाशांकन प्रकल्पात २९ देशांतील सुमारे २६ लाख लोक असे तपासले गेले. समजा, एका विभागात १५ वर्षांवरील दीड हजार माणसे तपासली आणि तिघांचे केस आत वळलेले आढळले, तर प्रमाण ०.२ टक्के येते. तिथे त्या वयाचे एक लाख लोक राहत असतील तर अंदाज २०० चा होतो. तीनऐवजी पाच आढळले असते तर तो ३३३ वर गेला असता. शिवाय दिवसा घरी सापडतात ती बहुधा वयस्क माणसे आणि स्त्रिया, आणि हा विकारही त्यांच्यातच अधिक. म्हणून वय आणि लिंग यांनुसार प्रमाण दुरुस्त केल्याशिवाय गुणाकार करत नाहीत. असे अनेक विभागांचे अंदाज एकत्र केले, की जागतिक आकडा हाती येतो; २००२ साली तो ७६ लाख होता. त्यामुळे ‘अंदाज’ हा शब्द वाक्यात हवाच.

दुसरे असे, की हे १५ लाख म्हणजे शस्त्रक्रियेची गरज असलेले लोक. त्यांच्यासाठी मी ‘अनुशेष’ हा शब्द सुचवतो. महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोलाविषयीच्या १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून मराठी वाचकाला तो परिचित आहे: जे व्हायला हवे होते आणि झाले नाही, ते.

मूळ विचारणा करणाऱ्याचे उत्तर

‘अनुशेष’ अर्थाने अचूक आहे; पण शस्त्रक्रियांचा अनुशेष असू शकतो, माणसांचा नव्हे. इथिओपियातील, चुलीच्या धुराने डोळे चुरचुरणाऱ्या बाईला अनुशेष म्हणायला माझे मन धजत नाही. तक्त्याच्या शीर्षकात ‘शस्त्रक्रियांचा अनुशेष’ घेतो आणि वाक्यात माणसेच ठेवतो.

लेखात पुढे खुपरीमुळे दृष्टी गेलेल्या किंवा अधू झालेल्या १९ लाख लोकांचा उल्लेख आहे. वाचक हे दोन्ही आकडे एकच समजेल, अशी मला भीती होती. बुबुळावर फूल पडून गेलेली दृष्टी पापणीच्या शस्त्रक्रियेने परत येत नाही, केवळ पुढची हानी थांबते. म्हणून हे दोन गट वेगळे असल्याचे तेथे स्पष्ट लिहीन. सुधारलेले वाक्य असे: ‘खुपरीमुळे पापणीचे केस आत वळलेल्या आणि शस्त्रक्रियेची गरज असलेल्या लोकांची जगातील संख्या २०२४ साली सुमारे १५ लाख असल्याचा अंदाज होता.’