'पाणी देणे' म्हणजे हार्डनिंग की टेम्परिंग?

भाषांतरकार (मूळ प्रश्न)

शेतीच्या आणि सुतारकामाच्या हत्यारांची निगा कशी राखावी, यावरची एक प्रशिक्षणपुस्तिका मी इंग्रजीतून मराठीत आणत आहे. तिचे वाचक बहुतांशी हत्यार हातात धरून काम करणारेच असतील. तीत एक सूचना अशी आहे, की छिन्नी नव्याने घडवल्यावर आधी 'हार्डन' करावी (तापवून एकदम थंड करून कठीण करावी) आणि मग 'टेम्पर' करावी (पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा घालवावा). पहिल्या क्रियेसाठी मी 'पाणी देणे' लिहिले. तपासनीसांनी ते तांबड्या शाईने खोडले आणि समासात शेरा दिला, की 'पाणी देणे' म्हणजे टेम्परिंग. हार्डनिंगला 'कठिनीकरण' लिहावे. माझ्या आजोळी लोहार लालभडक विळा सांडशीत धरून दगडी डोणीत बुडवायचा, चर्र आवाज व्हायचा, आणि त्यालाच सगळे पाणी देणे म्हणत, हे मला लख्ख आठवते. मग चूक कोणाची? आणि 'पाणी देणे' पहिल्या क्रियेला वापरले, तर दुसरीला काय म्हणावे?

निवृत्त फिटर

ताई, चूक तुमचीही नाही आणि तपासनीसांचीही नाही, कारण हे दोन टप्पे पुस्तकात वेगळे असले, तरी भट्टीवर ते एकाच तापात उरकतात. छिन्नीचे उदाहरण घ्या. टोकाकडचा अडीच-तीन इंचांचा भाग डाळिंबी लाल होईपर्यंत तापवायचा आणि त्यातला फक्त धारेकडचा इंचभर भाग पाण्यात बुडवून हलवत राहायचा. धार काळी पडली, की छिन्नी बाहेर काढून तिच्या अंगावर दगडाचा तुकडा झटपट घासायचा, म्हणजे पांढरे लोखंड दिसू लागते. मागच्या भागात उष्णता शिल्लक असते. ती पुढे सरकते आणि त्या उजळ पट्टीवर रंग धारेकडे चालत येताना दिसतात. आधी गव्हाच्या काडाचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. जांभळा धारेशी पोहोचला, की सगळी छिन्नी पाण्यात सोडायची. म्हणजे पाणी दोनदा लागले आणि नाव मात्र एकच राहिले. आमच्या उस्तादांनी 'हिला पाणी दे' म्हटले, की त्यात हे सारे आले.

धातुशास्त्राची अध्यापिका

फिटरकाकांनी केलेले वर्णन अचूक आहे आणि मी ते वर्गात वाचून दाखवणार आहे. तरीही व्याख्या करताना दोन क्रिया वेगळ्या ठेवाव्याच लागतील, कारण त्यांचे परिणाम परस्परविरोधी असतात. छिन्नीच्या पोलादात सुमारे ०.८ टक्के कार्बन असतो. ते ७६० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून एकदम थंड केले, की मार्टेन्साइट नावाची अतिशय कठीण, पण तितकीच ठिसूळ रचना तयार होते (आडोल्फ मार्टेन्स या जर्मन धातुशास्त्रज्ञावरून हे नाव पडले). अशी छिन्नी हातोडीच्या पहिल्या घावालाच टवकते. तीच पुन्हा २०० ते ३०० अंशांदरम्यान तापवली, की काठिण्य थोडे घटते आणि चिवटपणा येतो. पिवळा रंग साधारण २३० अंशांचा, जांभळा २८०चा आणि निळा ३००चा. एकच शब्द दोन्हींना वापरला, तर शिकणारा मुलगा दुसरी पायरी गाळेल. शिवाय सगळी पोलादे पाण्यात थंड करत नाहीत. काही तेलात करतात, तर काही नुसत्या हवेत. त्यांना 'पाणी दिले' कसे म्हणावे? म्हणून पहिलीला 'कठिनीकरण' हा शब्द मला नि:संदिग्ध वाटतो.

निवृत्त फिटर

बाई, आम्ही 'तेलात पाणी दिले' असे सर्रास म्हणत होतो आणि त्यात कोणाला विसंगती वाटली नाही. तेल हा शब्दच तिळावरून आला, तरी खोबऱ्याच्या तेलाला आपण तेलच म्हणतो. शाई म्हणजे मुळात काळी, आणि ताईंच्या तपासनीसांनी तर तांबडी शाई वापरली. शब्द एकदा रुळला, की त्याच्या जन्मकुंडलीने त्याला अडवू नये, असे माझे मत आहे. 'कठिनीकरण' मी परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेखेरीज कुठेही पाहिलेला नाही.

संस्कृतचा अभ्यासक

या शब्दाची जन्मकुंडलीही फिटरकाकांच्याच बाजूची आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, खड्गलक्षणाच्या अध्यायात शस्त्राला काय काय पाजावे याची यादीच दिली आहे. केळीच्या राखेचा क्षार ताकात कालवून एक दिवस ठेवावा आणि त्यात 'पायित' केलेले, म्हणजे पाजलेले, लोखंड नीट धार लावल्यावर दगडावरही मोडत नाही, असे तो सांगतो. तेव्हा शस्त्र 'पिते' ही कल्पना जुनी आहे आणि पेय पाणीच असले पाहिजे अशी अट तिच्यात कधीच नव्हती. विळा 'पाजवणे' हा आपला शब्दही मी याच 'पाजणे'शी जोडतो.

कोल्हापूरकडचा वाचक

पाजवण्याबद्दल मी असहमत आहे. आमच्याकडे विळा पाजवतात तो धार लावण्यासाठी, दगडावर किंवा कानशीने; त्यात भट्टीचा संबंध येत नाही. मला तो 'पाजळणे'चा, म्हणजे उजळण्याचा, भाऊ वाटतो. भट्टीच्या कामाला आमच्याकडे वेगळा शब्द आहे, 'शेवटणे'. बोथट झालेली कुऱ्हाड किंवा खुरपे लोहाराकडे नेऊन तापवून, ठोकून, पुन्हा पातळ करून आणि पाणी देऊन आणणे म्हणजे शेवटून आणणे. पुस्तिका हत्यारांच्या निगेची असेल, तर हा शब्द तीत असलाच पाहिजे.

भाषांतरकार

'शेवटणे' मी आजच घेतला, मनापासून आभार. पण माझा दुसरा प्रश्न तसाच आहे. तपासनीस आता टेम्परिंगला 'मृदुकरण' सुचवतात. 'पाणी उतरवणे' चालेल का?

धातुशास्त्राची अध्यापिका

'मृदुकरण' कृपा करून नको. पोलाद खरोखर मऊ करायचे, तर ते लाल तापवून राखेत किंवा भट्टीतच सावकाश निवू देतात. त्या अनीलिंगला 'अनुशीतन' हा शब्द आहे. टेम्पर केलेली छिन्नी मृदू नसते, ती लोखंड कापते.

निवृत्त फिटर

'पाणी उतरवणे'ही नको, कारण कारागिराच्या तोंडी 'पाणी उतरले' हे नेहमी नुकसानीचे वाक्य असते. ग्राइंडरवर पटाशी जोरात दाबली आणि धारेवर निळा डाग उमटला, की म्हणायचे, 'गेलं, पाणी उतरलं'. शिकाऊ असताना माझ्या हातून एका सुताराची पटाशी अशीच गेली होती. जेवढा निळा भाग तेवढा घासून टाकावा लागला, आणि पाव इंच पोलाद गेले म्हणून त्याने माझ्याशी दोन दिवस बोलणे टाकले. निळा रंग दोन्हीकडे तोच, पण एकीकडे तो मी बोलावलेला असतो आणि दुसरीकडे माझ्या चुकीने आलेला. त्या दोन्हींना एकच शब्द कसा द्यावा?

संस्कृतचा अभ्यासक

माणसाला 'पाणीदार' म्हणतो आणि त्याचे 'पाणी जोखतो', ते याच पाण्यावरून की मोत्याच्या पाण्यावरून, हेही कोणी सांगावे. माझा कल तलवारीकडे आहे.

भाषांतरकार

तूर्त मी असे लिहिले आहे: 'छिन्नीला पाणी द्यावे. धार काळी पडताच बाहेर काढून घासावी, आणि जांभळा रंग धारेशी येईपर्यंत थांबून मगच पूर्ण बुडवावी.' यात टेम्परिंगला शब्दच नाही आणि ते मला खटकते. ज्यांच्या गावात अजून भाता चालतो, त्यांनी लोहाराला एवढेच विचारावे, की पहिल्या आणि दुसऱ्या बुडवण्याच्या मध्ये तो रंगाची वाट पाहतो, त्या वाट पाहण्याला तो काय म्हणतो.