भर उन्हात फ्लॅश हवाच कशाला?

धागाकर्ता, जुळे सोलापूर

फ्लॅश हे केवळ अंधारातले साधन आहे, हा समज निदान सोलापूरकरांनी तरी सोडावा. एप्रिलमध्ये साडेअकरा वाजता भुईकोट किल्ल्याच्या तटाशी एखाद्या जोडप्याला उभे केले की ऊन थेट डोक्यावरून येते, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, आणि चेहरा उजळावा म्हणून एक्स्पोजर वाढवले तर आभाळ पांढरेफटक होते. सूर्य त्यांच्या पाठीशी घेऊन बाजूने स्पीडलाइट (छोटा सुटा फ्लॅश) दिला, तर दोन प्रकाश स्वतंत्रपणे हाताळता येतात. कारण सिंक वेगाच्या, म्हणजे ज्या शटरवेगापर्यंत फ्लॅश पूर्ण चौकट उजळू शकतो त्याच्या, मर्यादेत शटर बदलल्याने आभाळ गडद किंवा फिके होते, पण फ्लॅशचा लखलखाट शटरच्या वेळेपेक्षा आखूड असल्याने चेहऱ्यावरचा उजेड तसाच राहतो.

प्रतिसाद, बाळीवेस

मर्यादेचा उल्लेख आपण ओझरता केलात, आणि खरी अडचण तिथेच आहे. बहुतेक कॅमेऱ्यांचा सिंक वेग १/२०० किंवा १/२५० सेकंद असतो. आयएसओ (संवेदनशीलता) १०० वर आपल्या उन्हात त्या वेगाला भिंगाचे छिद्र एफ/११ च्या आसपास बारीक करावे लागते, मग तटाचा दगड न् दगड स्पष्ट दिसतो, आणि गिऱ्हाइकाला तर मागचे धूसर हवे असते. एफ/२.८ इतक्या मोठ्या छिद्रासाठी शटर १/३२०० वर न्यावे, तर सिंक वेगापुढे चालणाऱ्या हाय स्पीड सिंकमध्ये फ्लॅश तुकड्यातुकड्यांनी पेटतो आणि त्याची ताकद बरीच घटते. त्यापेक्षा माणसाला कमानीच्या सावलीत घ्यावे आणि थर्माकोलचा तक्ता धरावा.

धागाकर्ता

हाय स्पीड सिंकबद्दलचे आपले म्हणणे मान्य. म्हणूनच मी चार स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड चारदा निम्मा करणारी गडद काच, लावून १/२०० वरच एफ/२.८ वापरतो. फिल्टर फ्लॅशचा उजेडही तेवढाच अडवतो, त्यामुळे ताकद एफ/११ इतकीच लागते, पण तुकड्यांमुळे होणारी घट टळते. गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचे मीटरमधले माप) ६० असलेला फ्लॅश एफ/११ ला सुमारे साडेपाच मीटर पोहोचतो. प्रकाश मऊ करणाऱ्या सॉफ्टबॉक्सने दोन स्टॉप खाल्ले तरी पावणेतीन मीटर उरतात, आणि अर्ध्या अंगाच्या फोटोला तेवढे पुरतात. थर्माकोलचे म्हणाल, तर डोक्यावरचे ऊन तो खालून हनुवटीवर फेकतो, समोरचा डोळे मिचकावतो, आणि वारा सुटला की तक्ता धरणारा तक्त्यासकट फिरतो. (हा अनुभव माझ्या धाकट्या भावाचा आहे.)

प्रतिसाद, विजापूर रोड

लग्नाआधीच्या फोटोंपुरते हे सारे ठीक आहे. तिथे दुपारचे आभाळ तिन्हीसांजेसारखे दिसले तरी कुणी फसत नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मात्र हे कौशल्य घरी ठेवावे. पांढऱ्या बाराबंदीतला मानकरी नंदीध्वजाची उंच काठी अंगावर तोलून चालत असतो, आणि त्याच्या डोळ्यांसमोर फ्लॅश उडवणे हा अविचार आहे. शिवाय संक्रांतीच्या दिवसांतले सकाळचे तिरपे ऊन पांढऱ्या कापडावर स्वतःच इतके सुंदर उतरते की त्यात आणखी प्रकाश मिसळणे म्हणजे पुरणपोळीवर साखर पेरणे.

धागाकर्ता

नंदीध्वजाबाबत मी माघार घेतो. तिथे फ्लॅश बंदच असावा. पण बघ्यांच्या गर्दीत, टोपीच्या सावलीत हरवलेल्या म्हाताऱ्याचा चेहरा त्याची परवानगी घेऊन टिपताना मी फ्लॅश वापरीनच, तोही आजूबाजूच्या उन्हापेक्षा एक स्टॉप कमी, म्हणजे टोपीची सावली पुसली जात नाही आणि डोळे तेवढे उघडतात.