एअर-कूल्ड पोर्शे ९११ खरंच दुर्मिळ आहे, की नुसताच भाव चढलाय?

रविवार_गॅरेज

भाचा स्टुटगार्टला नोकरीला आहे. साठवलेल्या पैशांतून पोर्शे ९६४, म्हणजे ९११चीच एक जुनी पिढी, घ्यायचं म्हणतोय. चालवायला नाही, गुंतवणूक म्हणून. त्याचं म्हणणं असं की हवेवर थंड होणारं ९११चं इंजिन १९९८ साली बंद झालं, आता तशी नवी गाडी निघणार नाही, म्हणजे भाव वरच जाणार. आपल्या गंगापूर रोडच्या रविवारच्या कट्ट्यावरही हेच ऐकू येतं. मला ते अजिबात पटत नाही.

१९६४ ते १९९८ या काळात एअर-कूल्ड ९११ चार लाखांच्या आसपास बनल्या. शेवटची पिढी, म्हणजे ९९३, एकटीच ६८ हजारांच्या घरात. त्यात कंपनी अभिमानाने सांगते की आजवर बनवलेल्या पोर्शेंपैकी ७० टक्क्यांहून जास्त अजून चालू स्थितीत आहेत. मग टंचाई कुठे आहे? दुर्मिळ म्हणायची ती १९७३ची ९११ कॅरेरा आरएस २.७, २.७ लिटर इंजिनाची. शर्यतीच्या नियमासाठी ५०० बनवायच्या होत्या, मागणी इतकी आली की १,५८० बनवाव्या लागल्या. तिच्यातल्या हलक्या आवृत्तीला २०१४च्या सुमारास दहा लाख डॉलरच्या वर बोली लागली, ते मी समजू शकतो. पण तिचा वारा लागून ऐंशीच्या दशकातली साधी ९११ एससीसुद्धा खजिन्यासारखी विकली जाते, हे काही समजत नाही.

आणि हवेवर थंड होण्याला एवढी किंमत असेल तर फोक्सवॅगन बीटलचं काय? तिचंही इंजिन मागे, तीही हवेवरची, तीही २००३ला मेक्सिकोत कायमची बंद झाली. ती बनली दोन कोटी पंधरा लाख. चांगली बीटल आजही ९११च्या पासंगाला पुरत नाही.

माझं मत सरळ आहे. हा भाव टंचाईचा नाही, एका पिढीच्या हौसेचा आहे. ऐंशीच्या दशकात ज्या पोरांनी भिंतीवर ९११चं चित्र लावलं, त्यांच्या हातात २०१०नंतर पैसा आला. त्याआधी ९९३ म्हणजे एक चांगली सेकंडहँड गाडी होती, बस. ही पिढी म्हातारी झाली की गाड्या विकायला निघतील, तेव्हा घेणारा कोण? पोराने कष्टाचे पैसे यात अडकवू नयेत.

अंबड_टूलरूम

दादा, चार लाखांचा आकडा बरोबर आहे, पण तो कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाड्यांचा. चालू स्थितीत असणं वेगळं आणि अखंड असणं वेगळं, आणि भाव अखंड गाडीला मिळतो.

१९६८ ते ७७ या काळातल्या बहुतेक ९११ना मॅग्नेशियमचं क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, होतं. वजनाला हलकं, पण तापून तापून त्यातले हेड धरून ठेवणारे स्टड आटे घेऊन बाहेर येतात. २.७ची किती इंजिनं अशी गेली असतील! १९७६च्या आसपास पत्र्याला पूर्ण जस्ताचा मुलामा यायला लागला, त्याआधीच्या गाड्या गंजाने खाल्ल्या. उरलेल्यांचं आणखी एक झालं. ९६४ घ्यायची, उघडायची आणि तिच्यातून नवीच महागडी गाडी घडवायची, हा कॅलिफोर्नियातल्या सिंगरचा धंदा. ऐंशीच्या दशकातल्या ३.२ कॅरेराला जुनं लांब बॉनेट लावून तिला १९७३ची दाखवणारे तर सगळीकडे आहेत. मूळ इंजिन, मूळ गिअरबॉक्स, मूळ रंग आणि सर्व्हिसची वही सोबत असलेली गाडी शोधायला बसा, चार लाखांतल्या किती हाती लागतात ते कळेल.

इंजिनाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण "हौस" हा शब्द मला लागला. सहा सिलिंडर आडवे, तीन-तीन समोरासमोर. वर पंखा, आणि सुमारे दहा लिटर ऑइल. थंड करण्याचं बरंचसं काम ते ऑइलच करतं. ९६४पर्यंत टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांतली फट, हाताने लावायचे. बारा व्हॉल्व्ह, इंजिन पूर्ण थंड, ०.१ मिमीची पट्टी फिलर गेजमधून (फट मोजायच्या पट्ट्यांच्या संचातून) काढायची आणि रॉकरखाली सरकवायची. पट्टी घासत जावी, अडकू नये आणि सैलही सरकू नये. खालच्या बाजूच्या व्हॉल्व्हसाठी गाडीखाली उताणं झोपून, सायलेन्सरच्या पाइपांमधून हात घालून हे करायचं. ९९३ला आपोआप जुळणारे हायड्रॉलिक टॅपेट आले आणि हे काम संपलं. मी बीटलचे टॅपेट लावत आलोय, एका मोठ्या साहेबांच्या ९११चेही लावलेत. त्या इंजिनाला हात लावलेला माणूस त्याला नुसती हौस म्हणणार नाही.

ते बंद का झालं तेही लक्षात घ्या. आवाजाचे आणि धुराचे नियम कडक झाले. दर सिलिंडरला चार व्हॉल्व्हचं हेड नुसत्या हवेने थंड ठेवणं जमेना. पोर्शेच्याच ९५९ या गाडीला सिलिंडर हवेवर आणि हेड पाण्यावर अशी वाटणी करावी लागली होती. म्हणजे तो रस्ता तांत्रिकदृष्ट्याच संपला होता. उद्या कंपनीने ठरवलं तरी तसं इंजिन घालून नवी गाडी रस्त्यावर आणता येणार नाही. २०१८ला पोर्शेने शिल्लक बॉडी आणि सुट्या भागांतून एक ९९३ टर्बो नव्याने बांधली. लिलावात ती २७ लाख युरोंच्या वर गेली, पण रस्त्यासाठी तिची नोंदणी होऊ शकत नव्हती.

पिंपळगाव_बसवंत

दोघेही किती बनल्या यावरच भांडताय. मी कांद्याचा व्यापारी. लासलगावला भाव जिल्ह्यात किती कांदा पिकला यावर निघत नाही, त्या दिवशी आवारात किती ट्रॅक्टर लागले यावर निघतो. चाळी भरलेल्या असल्या तरी आवक कमी म्हटल्यावर तेजीच. या गाड्यांचंही तेच दिसतंय. ज्याच्याकडे आहे तो विकत नाही, कारण पुढच्या वर्षी जास्त मिळतील असं त्याला वाटतं.

पण एक धोका सांगतो. साठवणुकीवर उभी राहिलेली तेजी फुटते तेव्हा सगळे एकदमच माल काढतात. फरक इतकाच की कांदा चाळीत सडतो म्हणून शेवटी काढावाच लागतो, गाडी नीट ठेवली तर मालक दहा वर्षंही थांबू शकतो. म्हणून पडझड झाली तरी ती हळू होईल असं माझं मत. भाच्याकडे थांबायला पैसे असतील तर घेऊ दे, कर्ज काढून मात्र नको.

कॉलेजरोडकर

काका, तुमचा म्हातारपणाचा मुद्दा मला मान्य नाही. मी २६ वर्षांचा आहे, माझ्या भिंतीवर कसलंही चित्र नव्हतं. आम्ही गाड्या गेममधून शिकलो. परवान्याच्या भानगडीमुळे कितीतरी वर्षं बऱ्याच गेममध्ये पोर्शे नसायचीच, तिच्या जागी रूफच्या, म्हणजे पोर्शेवरून गाड्या घडवणाऱ्या जर्मन कंपनीच्या, गाड्या असायच्या. रूफची १९८७ची ती पिवळी सीटीआर आमच्या पिढीला पाठ आहे, आणि तीही एअर-कूल्डच. मागणी तुमच्या पिढीबरोबर संपणार नाही.

उलट ९९६ बघा. पाण्यावरची पहिली ९११, ताकद जास्त, आणि सगळ्यात स्वस्त मिळणाऱ्या ९११मध्ये तिचा नंबर. इंजिनातलं इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग जाण्याची भीती आणि ते हेडलाइट, एवढ्यावरून लोकांनी तिला नाकारलं. म्हणजे नुसतं वय आणि नुसती संख्या भाव ठरवत नाही. लोकांना काय भावतं तेच ठरवतं. यात कमीपणा काय आहे?

पेठरोड

कागदाचं कोणीच बोललं नाही. गाडी इकडे आणायचा विचार असेल तर आत्ताच सोडून द्या. वापरलेली गाडी नेहमीच्या आयात नियमांत आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. आपल्याकडे २०२१च्या नियमाने विंटेज नोंदणी मिळते, "व्हीए" मालिकेतला नंबर, पहिल्यांदा २० हजार रुपये शुल्क, पण गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी. ९६४ त्यात बसायला २०४०चा सुमार उजाडेल. पोर्शे भारतात अधिकृतपणे आली २००४ला, तोवर एअर-कूल्ड बंद झाली होती. इथे ज्या मोजक्या आहेत त्या खासगी मार्गाने आलेल्या. अशी कोणी दाखवली तर बोनेट उघडायच्या आधी कागद बघायचे.

जर्मनीत त्याची सोय चांगली आहे. तीस वर्षांवरच्या गाडीला एच नंबर, म्हणजे ऐतिहासिक गाडीचा नंबर, मिळतो आणि कर ठरावीक, वर्षाला १९१ युरो ७३ सेंट. ९६४ सगळ्याच त्यात बसतात. पण गाडी मूळ स्वरूपात असावी लागते.

रविवार_गॅरेज

ही शेवटची अट माझ्याच बाजूची आहे. किंमत आहे ती मूळ राहिलेल्या गाडीला, आणि तशी गाडी पारखायला टूलरूमवाल्यांसारखा माणूस लागतो. बाजारात मात्र "एअर-कूल्ड" एवढं लिहिलं की फाटकी गाडीही त्याच भावाला मागतात. पोर्शेच्याच ९१२चं, ९११च्याच बॉडीतल्या गाडीचं, उदाहरण घ्या. चार सिलिंडरची, १९६०च्या दशकातली, ३० हजारांच्या वर बनलेली. कित्येक वर्षं तिला कोणी विचारत नव्हतं. ९११ हाताबाहेर गेली आणि तीही वर ओढली गेली. तिच्यात रातोरात कोणती कारागिरी आली?

कॉलेजरोडकर, तुला आवडते याचा आनंद आहे. पण आवडणं आणि ६० हजार युरो मोजणं यात अंतर आहे. तुझ्या वयाचे किती जण ते ओलांडतील, यावरच पुढचा भाव ठरणार. भाच्याला मी हेच सांगणार: चालवायची असेल तर घे, तिजोरीत ठेवायला घेऊ नको.

अंबड_टूलरूम

चालवायला घे, यावर आपलं एकमत. उभी राहिलेली ९११ खराबच होते, सील सुकतात आणि ऑइल गळायला लागतं.

घेण्याआधी लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते बघणं) करून सहाही सिलिंडरचे आकडे लिहून मागा. एक सिलिंडर बाकीच्या पाचांपेक्षा वेगळा दिसला तर तिथेच थांबायचं. सुरुवातीच्या ९६४ना सिलिंडर आणि हेडच्या मध्ये गॅस्केटच नव्हतं, तिथून ऑइल येतं, त्यामुळे गाडी कोणत्या वर्षाची आहे तेही कळवा. आकडे इथे टाका, मी बघतो.